समेच्या शोधात : अनोळखी अल्बमांच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

भाऊबीजेला बहीण आणि भाची घरी आल्या. भाचीने श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात चाळीस चिठ्ठ्या घालून आणल्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर एका अल्बमचे आणि कलाकाराचे नाव आहे, बाकी काहीही नाही. "मामा, तू तीस वर्षं तीच पन्नास गाणी ऐकतोयस," असे तिचे म्हणणे, आणि ते खोडून काढण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. नाट्यपदे, भावगीते, जुनी चित्रपटगीते आणि किराणा घराण्याचे ख्याल यांच्या कुंपणाबाहेर मी फारसा गेलेलो नाही.

नियम आजच लिहून ठेवतो. चिठ्ठी शनिवारी रात्री काढायची आणि अल्बम रविवारी संध्याकाळी सलग ऐकायचा, मध्ये गाणे वगळायचे नाही. पहिल्या वेळी काहीही वाचायचे नाही. दुसऱ्यांदा ऐकण्याआधी त्या अल्बमविषयी मिळेल ते वाचायचे आणि तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर एक पान परीक्षण लिहायचे. सूतविक्रीच्या पेढीवर हिशेब लिहिण्यात माझा दिवस जातो, त्यामुळे तक्ता आखल्याशिवाय काम सुरू झाल्यासारखे वाटत नाही. तक्त्यात चार रकाने आहेत : वाद्ये, आवाज, सम (तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा) आणि दहापैकी गुण.

समेचा रकाना पाहून भाची हसली. पण लहानपणी सहा वर्षे तबला शिकलेला माणूस कोणतेही संगीत ऐकताना आधी समच शोधतो, त्याला इलाज नाही. बोटे आपोआप मांडीवर मोजू लागतात. ती सापडली नाही की अनोळखी गावात उतरल्यावर स्टँड कुठल्या बाजूला राहिला हे न कळल्यासारखे होते.

शेजारचे अण्णा रविवारी चहाला येतात, म्हणजे ऐकणारे आम्ही दोघे. अण्णांची मातृभाषा तेलुगू आहे. त्यांनी आयुष्य आधी गिरणीत आणि नंतर आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांवर काढले. संगीताचे शिक्षण नाही, पण कान तिखट आहे.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

पहिली चिठ्ठी : माइल्स डेव्हिस, 'काइंड ऑफ ब्लू'. जॅझ हा शब्द मला हिंदी चित्रपटांतल्या क्लबच्या प्रसंगांपुरता माहीत होता, त्यामुळे गोंगाटाची तयारी ठेवून बसलो होतो. झाले उलटेच. पहिल्या गाण्यात खर्जातले तंतुवाद्य एक ओळ विचारते आणि बाकीची वाद्ये दोनच स्वरांत तिला उत्तर देतात, जणू कीर्तनात बुवांनी चरण म्हणावा आणि टाळकऱ्यांनी 'विठ्ठल' म्हणावे.

स्वर ओळखीचे वाटले म्हणून पेटी काढली. पांढरी दोन (पेटीची दुसरी पांढरी पट्टी) षड्ज धरला तर गंधार आणि निषाद कोमल, बाकी सगळे शुद्ध, म्हणजे सरळ काफी थाट. पण थोड्या वेळाने अख्खा काफी उचलून काळी दोनवर जातो, तिथे थोडा राहतो आणि मुकाट परत येतो. षड्जच सरकवायचा हा प्रकार आपल्याकडे चालणार नाही. इथे मात्र तो अंतऱ्याचे काम करतो.

मोजणी जमली. पूर्ण चक्र १२८ मात्रांचे आहे, म्हणजे सोळा मात्रांच्या तीनतालाची आठ आवर्तने : चार पांढरी दोनवर, दोन काळी दोनवर आणि दोन परत घरी. समेच्या रकान्यात 'आठ आवर्तनांनी एकदा' असे लिहिले आणि मनात थोडा फुशारलो. वाद्यांच्या रकान्यात लिहिले : 'दोन सॅक्सोफोन. पैकी एक समोर बसून वाजवतो, दुसरा शेजारच्या खोलीत असल्यासारखा फार लांबून. यामागचा हेतू कळला नाही. समतोल ढासळला आहे.' गुण सहा दिले.

१३ नोव्हेंबर २०२४, बुधवार

रविवारची नोंद खोडावी लागत आहे. खोडून टाकत नाही, तशीच ठेवतो, कारण तिच्यातली चूक उपयोगी आहे.

दुसऱ्यांदा ऐकताना अण्णा उठून उजव्या स्पीकरला कान लावून उभे राहिले आणि म्हणाले, "हा मेलाय की." खरेच, त्यातून अक्षरही येत नव्हते. मागची तार ओढून पाहिली तर तिचा तांब्याचा पदर चिमटीतून सुटून नुसता वरच्या प्लास्टिकवर अडकला होता. दिवाळीच्या झाडलोटीत कपाट सरकवले तेव्हापासून मी एका कानाने संगीत ऐकत होतो. तार तासून पुन्हा बसवली आणि तो 'शेजारच्या खोलीतला' सॅक्सोफोन आमच्या बैठकीत येऊन बसला. या ध्वनिमुद्रणात जॉन कोल्ट्रेन डावीकडे आहे आणि कॅननबॉल ॲडर्ली उजवीकडे. मी ज्याला वादकांचा हेतू समजून गुण कापले तो माझ्या घरातला धूळ झाडण्याचा परिणाम होता.

आता वाचलेले थोडे. हा अल्बम १९५९ च्या २ मार्च आणि २२ एप्रिल या दोन दिवसांत न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झाला आणि त्याच वर्षी १७ ऑगस्टला बाजारात आला. गंमत अशी की पहिल्या दिवशीचे मुद्रणयंत्र किंचित हळू फिरत होते, त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी तबकडीवर मुळापेक्षा जराशी जलद आणि चढ्या स्वरात उमटली. ही चूक १९९२ च्या आवृत्तीत दुरुस्त झाली. तोवर तीन दशकांहून अधिक काळ लोकांनी ती गाणी चढ्या स्वरात ऐकली, त्यांच्यासोबत वाजवून रियाज केला आणि स्वर जुळत नाही म्हणून आपल्याच वाद्याला दोष दिला असेल. माझी पेटीही जरा चढी आहे, तेव्हा या वादात तिला साक्षीला बोलावत नाही.

दुसऱ्या बाजूच्या 'ऑल ब्लूज'मध्ये सहा मात्रांचा झोका आहे आणि तो दादऱ्याच्या इतका जवळून जातो की अण्णांनी बशीवर ठेका धरला. गुण : नऊ. पण सहाचे नऊ एका तारेने होत असतील तर या रकान्याचा भरवसा किती, हा प्रश्न इथेच नोंदवून ठेवतो.

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

चिठ्ठी : ब्रायन ईनो, 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स', १९७८. मधल्या रविवारी लग्नाला अक्कलकोटला गेलो होतो, त्यामुळे काम राहिले.

चार तुकडे आहेत आणि त्यांना नावेही नाहीत, फक्त क्रमांक आहेत : १/१ म्हणजे पहिल्या बाजूचा पहिला, २/१ म्हणजे पहिल्या बाजूचा दुसरा. पहिल्या ऐकण्यात माझी पूर्ण फजिती झाली. मात्रा नाही, ठेका नाही, आवर्तन नाही. २/१ मध्ये नुसते गळ्याचे लांब स्वर एकामागून एक येतात आणि विरतात, कधी दोन एकमेकांवर येतात तर कधी मध्ये निव्वळ शांतता राहते. समेच्या रकान्यात 'नाही' लिहिले. अण्णा म्हणाले, "लिहू नको. ती आहे, पण लांब आहे."

मी विचारल्यावर त्यांनी मागाचे उदाहरण दिले. शेडमध्ये शेजारी शेजारी दोन माग चालू असतात. दोघांची गती एकच आहे असे मालक सांगतो, पण ती कधीच तंतोतंत एक नसते. दोघांचे ठोके आधी एकत्र पडतात, मग एक मागे पडू लागतो, मग घोड्याच्या टापांसारखे अलगअलग ऐकू येतात आणि बऱ्याच वेळाने पुन्हा एका ठोक्यावर येतात. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून अण्णा ती भेट कधी होते हे मोजत बसायचे.

दुसऱ्या ऐकण्याआधी वाचले आणि अण्णांपुढे हात जोडले. प्रत्येक स्वर ध्वनिफितीच्या एका वेगळ्या लांबीच्या वेढ्यावर मुद्रित केला होता आणि फीत इतकी लांब की ती स्टुडिओतल्या ॲल्युमिनियमच्या नळीच्या खुर्च्यांभोवती फिरवावी लागली. खुर्च्यांभोवती फिरणारी फीत म्हटल्यावर मला फाळक्यावरचे सूतच दिसले. ईनोने पुढे एका भाषणात तीन वेढ्यांच्या वेळा अंदाजाने सांगितल्या होत्या : साडेतेवीस सेकंद, पंचवीस पूर्णांक सात अष्टमांश सेकंद आणि एकोणतीस पूर्णांक पंधरा षोडशांश सेकंद.

सोमवारी पेढीवर जेवणाच्या सुट्टीत लसावि काढला. पहिले दोन वेढे एकदा एकत्र सुरू झाले की पुन्हा एकत्र येण्यासाठी ८१ मिनिटे लागतात. तिसरा त्यात धरला तर जवळजवळ २७ दिवस. म्हणजे चंद्र सत्तावीस नक्षत्रे फिरून येईल तेव्हा या रचनेची सम पडेल, आणि अल्बमवरचा तुकडा तर नऊ मिनिटांच्या आसपास संपतो. त्या लांबलचक आवर्तनाचा एक कोपरा आपल्याला दाखवून ईनो बाजूला झाला आहे. हे संगीत ऐकले तरी चालावे आणि त्याच्याकडे दुर्लक्ष केले तरी चालावे, अशी त्याची स्वतःचीच अट होती. माझ्या स्वभावाला ती मानवत नाही. मी तिसऱ्यांदाही कान देऊनच ऐकले आणि शेवटच्या तुकड्यात कंटाळलो. कंटाळा आला हेही परीक्षणात लिहिले आहे.

८ डिसेंबर २०२४, रविवार

चिठ्ठी : ब्लॅक सॅबथ, 'ब्लॅक सॅबथ', १३ फेब्रुवारी १९७०. हेवी मेटल नावाच्या पंथाची सुरुवात अनेक जाणकार या अल्बमपासून धरतात.

सुरुवातीला पाऊस आहे, लांबवर घंटा आहे, आणि मग गिटार तीन स्वर टाकते. पेटीवर ते लगेच सापडले : पांढरी पाचला षड्ज धरला तर सा, तार सा आणि तीव्र मध्यम. बस्स. पुढची कित्येक मिनिटे गाणे याच तीन खांबांवर उभे आहे. वाचल्यावर कळले की षड्जापासून तीव्र मध्यमापर्यंतच्या या अंतराला पाश्चात्य संगीतात 'संगीतातला सैतान' असे नाव पडले आहे, आणि त्या गाण्यात ते ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा म्हणूनच वापरले आहे.

माझ्या अंगावर काटा आला नाही. तीव्र मध्यम माझ्या कानाला दिवेलागणीचा स्वर आहे. यमन, मारवा, पूरिया धनाश्री हे सगळे संध्याकाळचे राग त्याच्या जोरावर उभे राहतात, आणि तो लागला की मला देवघरात निरांजन लावल्याचा भास होतो. जो स्वर बर्मिंगहॅमच्या पोरांनी भीतीसाठी निवडला त्याने सोलापुरात मला शांत वाटावे, हे परीक्षण म्हणून कितपत योग्य? पहिल्या मसुद्यात मी 'भयाचा परिणाम साधलेला नाही' असे लिहिले होते. ते वाक्य काढले, कारण तो दोष गाण्याचा नाही. दुसऱ्यांदा ऐकताना यमन विसरून फक्त स्वर किती वेळ धरून ठेवला आहे आणि पुढचा स्वर किती उशिरा येतो तेवढेच ऐकले. वाट पाहायला लावण्यात सगळी भीती आहे. इथली सम सगळ्यांना मिळून एकदम पडते आणि जमीन हादरते. शोधण्याचा प्रश्नच नाही.

अण्णांना या अल्बममध्ये रस वाटला तो वेगळ्या कारणाने. गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता आणि तिथल्या शेवटच्या दिवशी यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली, कारण तोही भाजलेल्या हाताने, दोन बोटांवर गिटार वाजवत असे. मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले आणि दाबायला सोप्या अशा बारीक तारा लावल्या. १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपासून त्याने तारा दीड स्वर खाली उतरवल्या, आणि तो जड, ढिला आवाजच पुढे या पंथाची ओळख होऊन बसला.

अण्णांनी स्वतःचा डावा हात दिव्याखाली धरला. मागावरून उडालेल्या धोट्याने अंगठ्याशेजारच्या बोटाचे पेर वाकडे झाले आहे, ते मी वीस वर्षे पाहतो आहे, पण त्याविषयी कधी विचारले नव्हते. त्यांनी ते बोट दोनदा वाकवून पाहिले आणि म्हणाले, "गाठ मारायची तर ह्या बोटाला अजून येत नाही. मी दुसऱ्याच बोटाने मारतो." मग गाणे पुन्हा लावायला सांगितले.

१५ डिसेंबर २०२४, रविवार

चिठ्ठी : विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर, 'अ मीटिंग बाय द रिव्हर', १९९३. मोहनवीणा आणि अमेरिकन स्लाइड गिटार, सोबत तबला. दोन्ही वाद्ये तारेवर धातू सरकवूनच बोलतात, तेव्हा मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, ही दोघांची समान भाषा. दोन वादक एकमेकांना नुकतेच भेटले होते आणि कॅलिफोर्नियातल्या एका चॅपेलमध्ये फारशा तालमीशिवाय वाजवायला बसले, हे वाचण्याआधीच ऐकू येत होते : दोघेही एकमेकांना फार जपून वाट देतात. मला थोडी कुस्ती हवी होती. अनोळखी असे इथे फार काही नव्हते, म्हणून नोंद इथेच थांबवतो.

२९ डिसेंबर २०२४, रविवार

चिठ्ठी : चरणजित सिंग, 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट', १९८२. भाचीने हसऱ्या चेहऱ्याचे चित्र काढून ही एकच चिठ्ठी सजवली होती, तेव्हाच संशय यायला हवा होता.

पहिल्या ऐकण्यात मी चिडलो. भैरव, ललित, भूपाली, तोडी, मालकंस असे एकेक राग येतात आणि प्रत्येकाच्या खाली तोच यंत्राचा 'धप-धप' ठोका चालू असतो. भैरवातल्या कोमल रिषभाला आंदोलन (स्वराचा हळुवार झोका) नाही, तोडीच्या गंधाराला तर यंत्राने इस्त्री करून टाकले आहे. समेच्या रकान्यात लिहिले : 'प्रत्येक मात्रेला सम. म्हणजे एकाही मात्रेला नाही.' वाक्य जमले म्हणून खूश झालो. जमलेल्या वाक्यांपासून परीक्षकाने सावध राहायला हवे, पण ते तेव्हा कुठून सुचणार.

वाचनात जे मिळाले त्याने चिडणे ओसरले. चरणजित सिंग मुंबईच्या चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षे वाजवणारे वादक होते. त्यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रे जोडली : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जाचे यंत्र. या शेवटच्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. ते खरे तर बास गिटारची नक्कल म्हणून विकायला काढले होते आणि नक्कल म्हणून ते सपशेल फसले. शिकागोच्या तरुणांनी त्याच्या विचित्र घसरत्या आवाजातून 'ॲसिड हाऊस' नावाचे नृत्यसंगीत घडवले, त्यातली गाजलेली पहिली तबकडी १९८७ ची. मुंबईतल्या या गृहस्थाने तशाच ध्वनीचा अख्खा अल्बम पाच वर्षे आधी करून ठेवला होता. तेव्हा तो फारसा कोणी घेतला नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाल्यावर जगभर त्याची चर्चा झाली.

तिसऱ्यांदा ऐकताना मुख्य सुरावटीकडे पाठ फिरवली आणि खालच्या खर्जाच्या यंत्राकडेच लक्ष दिले. तिथे खरी करामत आहे. ते यंत्र रागाचेच स्वर छोट्या पलट्यांसारखे गोल फिरवत राहते, घसरून येते आणि दर खेपेला त्याच्या आवाजाची धार बदलते. वर गाणारे यंत्र हौशी वाटते, खाली बसलेले यंत्र उस्ताद आहे. कलावती आणि मधुवंतीत ते सगळ्यात रंगले आहे. भैरवाविषयीची तक्रार मात्र मागे घेत नाही.

१२ जानेवारी २०२५, रविवार

चिठ्ठी : फेला कुटी, 'झॉम्बी', नायजेरिया, १९७६. चिठ्ठी काल रात्री निघाली आणि तारीख लक्षात आल्यावर मी जरा थांबलो. १९३१ साली आजच्याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या सोलापूरच्या चौघांना येरवड्याला फाशी झाली. त्याआधी, मे १९३० मध्ये, या शहरावर लष्करी कायदा लादला गेला होता. सकाळी चार पुतळ्यांपाशी हार घालून झाले होते, आणि संध्याकाळी मी लष्कराची टर उडवणारा अल्बम ऐकत होतो. हा योगायोग आहे, त्यातून अर्थ काढत नाही. पण ऐकताना तो मनात होता हे लपवण्यात प्रामाणिकपणा नाही.

मुख्य गाणे बारा मिनिटांचे आहे. कित्येक मिनिटे गायक येतच नाही, वाद्येच एकमेकांत विणत राहतात. एक गिटार चार स्वरांचा तुकडा धरून बसते, दुसरी त्याच्या मोकळ्या जागांत शिरते, टोनी ॲलनचे ढोल या दोघांच्या मधून पावले टाकत जातात आणि वर पितळी वाद्यांचा जथा येतो. कोणत्याही एका वाद्यावर कान ठेवला तर सम वेगळ्याच जागी सापडते. तीनदा मोजले, तीनदा वेगळी आली. शेवटी मोजणे सोडून मान हलवली तेव्हा ती आपोआप बरोबर जागी पडली. समेच्या रकान्यात 'मानेला कळते, बोटांना नाही' असे लिहिले आहे.

मग फेला गाऊ लागतो आणि मागून बायकांचा कोरस 'झॉम्बी', म्हणजे चालते प्रेत, हा एकच शब्द परत परत उत्तर म्हणून देतो. हुकूम दिल्याशिवाय जे चालत नाही, थांबत नाही, वळत नाही, विचार करत नाही, असे शिपायाचे वर्णन आहे. शाहिराने ओळ टाकावी आणि झीलकऱ्यांनी ती उचलावी, हीच मांडणी. फरक असा की पोवाड्यातला झीलकरी शाहिराचा उत्साह वाढवतो, इथला कोरस मात्र मुद्दाम निर्विकार आहे. तो स्वतःच ते चालते प्रेत झाला आहे, आणि विनोदाची धार तिथे आहे.

या गाण्याची किंमत मोजावी लागली. १८ फेब्रुवारी १९७७ रोजी सैनिकांनी फेलाच्या लागोसमधल्या वसाहतीवर हल्ला केला, घर जाळले, आणि त्याच्या वृद्ध आईला, फुनमिलायो यांना, खिडकीतून खाली फेकले. त्या पुढच्या वर्षी वारल्या. हे दुसऱ्या ऐकण्याआधी वाचले. त्यामुळे पहिल्यांदा ज्या ओळींना अण्णा आणि मी हसलो होतो तिथे दुसऱ्यांदा हसू आले नाही, आणि तिसऱ्यांदा पुन्हा आले. ते तिसरे हसू मला या प्रकल्पातले सगळ्यात मोलाचे ऐकणे वाटते. गुण देण्याचे धाडस झाले नाही, रकाना रिकामा ठेवला.

१९ जानेवारी २०२५, रविवार

सिद्धेश्वरांच्या यात्रेमुळे आठवडाभर घरात पाहुणे होते आणि एकही अल्बम ऐकला नाही. गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या मैदानावर, पाळण्यांच्या, पिपाण्यांच्या आणि चार दुकानांतून एकाच वेळी वाजणाऱ्या गाण्यांच्या गदारोळात उभा असताना मात्र मी कोणते गाणे कुठल्या कानात येते हे वेगळे काढत होतो. ही सवय आता लागली.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

चिठ्ठी : कॅप्टन बीफहार्ट आणि त्याचे मॅजिक बँड, 'ट्राउट मास्क रेप्लिका', १९६९. दोन तबकड्या, अठ्ठावीस गाणी, निर्माता फ्रँक झॅपा.

हे मी सलग ऐकले, कारण नियम माझाच होता. दोन गिटार एकमेकांशी भांडत नाहीत, कारण भांडायलाही एका खोलीत असावे लागते. ढोल तिसऱ्याच गल्लीत आहेत. वर एक घोगरा आवाज कविता ओरडतो, आणि तो कशावरच बसत नाही. अर्ध्या तासाने अण्णा उठले, "उद्या बोलू" म्हणाले आणि गेले. खालच्या मजल्यावरून मुलगा विचारायला आला की रेडिओ बिघडला आहे का. समेच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. गुण : एक, तोही अठ्ठावीस गाणी पूर्ण केल्याबद्दल स्वतःला.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

वाचून आलो आहे आणि माझी अडचण वाढली आहे. मला वाटले होते की कोणाला वाजवता येत नव्हते. प्रत्यक्षात या वादकांनी लॉस एंजेलिसमधल्या एका लहानशा भाड्याच्या घरात सुमारे आठ महिने, अर्धपोटी राहून, त्याच रचनांची तालीम केली होती. बीफहार्ट पियानोवर तुकडे वाजवायचा, जो त्याला धड येत नव्हता, आणि ढोल वाजवणारा जॉन फ्रेंच ते लिहून घेऊन एकेका वादकाकडून पाठ करून घ्यायचा. गाण्यांमधली बहुतेक वाद्ये पुढे स्टुडिओत सहा तासांच्या आसपास एका बैठकीत मुद्रित झाली, कारण चुकण्यासारखे काही शिल्लक नव्हते. मला जो गोंधळ वाटला तो स्वरान् स्वर पाठ केलेला आहे.

आणि आवाज कशावरच का बसत नाही याचेही उत्तर मिळाले. गाताना बीफहार्टने कानाला हेडफोन लावायचे नाकारले. काचेपलीकडून झिरपून येईल तेवढ्याच संगीतावर तो गायला. म्हणजे वादकांनी आठ महिने घोटून पक्की केलेली सम गायकाला नीट ऐकूही येत नव्हती.

हे कळल्यावर दुसऱ्यांदा ऐकताना मी एक युक्ती केली. एकच गाणे निवडले, डावा स्पीकर बंद केला आणि फक्त उजव्या बाजूची गिटार ऐकली. तिचे तुकडे सुबक आहेत, ती एक तुकडा ठरावीक वेळा वाजवते आणि दुसऱ्यावर जाते. मग उजवा बंद करून डावी ऐकली. तीही तशीच, फक्त तिच्या तुकड्याची लांबी वेगळी. नोव्हेंबरात सुटलेल्या तारेने मला जे चुकून करायला लावले ते आज मुद्दाम केले. दोन्ही एकत्र लावल्यावर अण्णांचे दोन माग आठवले. फरक इतकाच की दोन ठोक्यांची भेट होणार असे वाटू लागताच हे लोक तुकडा बदलतात आणि ती भेट टाळतात.

आवडले का? नाही. पण आता न आवडण्याचे कारण मला सांगता येते. गुण चार. अण्णांना हे सगळे समजावून सांगितले. ते म्हणाले, "आठ महिने तालीम केली म्हणून कापड चांगलं निघतंय होय?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, तो परीक्षणात त्यांच्या शब्दांत घातला आहे.

२३ फेब्रुवारी २०२५, रविवार

चिठ्ठी : सेझारिया एव्होरा, 'मिस परफुमादो', १९९२. आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात असलेल्या केप व्हर्द बेटांवरचे 'मोर्ना' नावाचे संथ गायन. मागच्या अल्बमनंतर कानावर कोणीतरी गार पाण्याची पट्टी ठेवावी तसे झाले. सम पहिल्या गाण्याच्या पहिल्या ओळीत सापडली आणि नंतर शोधावीही लागली नाही, त्यामुळे रकान्यात लिहायला काही उरले नाही. बाई ओळ नेहमी किंचित उशिरा उचलते, ठेका पुढे जाऊ देते आणि मग सावकाश त्याला येऊन मिळते. तिसरे ऐकणे अजून बाकी आहे.

भाचीने फोनवर गुणांची यादी मागितली. तिला तक्ताच पाठवला : पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या ऐकण्याचे वेगळे गुण, शेजारी बदलाचे कारण, 'झॉम्बी'समोर रिकामी चौकट आणि 'काइंड ऑफ ब्लू'समोर 'तार सुटली होती' असा शेरा. डब्यात एकतीस चिठ्ठ्या आहेत. मी मोजल्या तेव्हा तीस असायला हव्या होत्या की बत्तीस, यावर तासभर गेला. शेवटी एका चिठ्ठीला चिकटलेली श्रीखंडाची केशरकाडी काढली तेव्हा तिच्याखाली आणखी एक चिठ्ठी निघाली. तिच्यावरचे नाव वाचता येत नाही, शाई पसरली आहे. ती भाचीला विचारून पुढच्या शनिवारी घेणार.